फक्त स्क्वॉटचा प्रोग्राम बदल, रूपा

सांगली,
रविवार

प्रिय रूपा,

वहीच्या पानांचे फोटो मिळाले, दोन्ही व्हिडिओही. फोनवर म्हणालीस, "एका वाक्यात सांग, प्रोग्राम बदलू की नको?" तर घे: खांद्यांवर बार घेऊन उठाबशा काढायच्या त्या स्क्वॉटचा बदल, बाकीचे तीन, म्हणजे झोपून बार ढकलायचा बेंच, डोक्यावर न्यायचा प्रेस आणि जमिनीवरून उचलायचा डेडलिफ्ट, आहेत तसे चालू दे. कारणं मात्र लिहूनच कळवते. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस आणि मग माझं निम्मं सांगायचं राहून जातं.

आधी त्या ट्रेनरचं बघू. "मॅडम, नऊ महिने झाले, आता बिगिनरमधून बाहेर पडा, चेस्ट-डे बॅक-डे करा," म्हणजे एक दिवस छातीचा, एक दिवस पाठीचा, असं तो म्हणाला ना? नऊ महिने झाले हे काही कारण नव्हे. कुणाचं नवशिकेपण चार महिन्यांत संपतं, कुणी मध्ये दोन महिने आजारी पडतं आणि वर्षानंतरही नवशिकंच असतं. तू पाठवलेला तो तक्ता, अमुक वजनाच्या बाईने इतका स्क्वॉट मारला की ती इंटरमीजिएट, तोही बाजूला ठेव. ते आकडे दुसऱ्यांशी तुलना करायला बरे. तुझा प्रोग्राम चालतोय की थांबलाय हे त्यांना काय कळणार?

नवशिक्यांच्या प्रोग्रामचा सगळा जीव एकाच गोष्टीत आहे. सोमवारी उचललेल्या वजनाचा शीण बुधवारपर्यंत उतरायचा, अंगात थोडा जादा जोर यायचा, आणि बुधवारी बारवर थोडं वजन वाढवायचं. पुन्हा शुक्रवारी तेच. हे सुरुवातीला इतकं सहज का जमतं माहितेय? पहिले काही आठवडे स्नायू फारसे वाढलेलेच नसतात. आहेत तेच स्नायू एकदम आणि एकत्र कामाला लावायला मेंदू नि नसा शिकत असतात, आणि हे शिकणं भराभर होतं. शिवाय अंगाची जी खरी कुवत आहे तिच्या मानाने बारवरचं वजन कमीच असतं, म्हणून शीणही लवकर जातो. पुढे जोर वाढायचा तर स्नायू खरोखर वाढावे लागतात. त्यासाठी काम पुरेसं जड करावं लागतं, आणि तेवढ्या जड कामाचा शीण मग अठ्ठेचाळीस तासांत जात नाही. चार दिवस लागतात, आठवडा लागतो. ज्या व्यायामात असं व्हायला लागलं त्या व्यायामापुरतं नवशिकेपण संपलं. चारही व्यायामांचं एकाच दिवशी संपेल असं कुणी सांगितलंय?

म्हणून मी तुझी वही व्यायामागणिक वाचली.

स्क्वॉटचं मे महिन्यातलं पान आधी काढलं. ५७.५ किलो: पाच-पाच उठाबशांचे तीन सेट व्हायला हवेत, झाल्या ५, ५, ३. पुढच्या वेळी ५, ४, ३. शेजारी तुझ्याच अक्षरात "थांबले" असं लिहून दोनदा अधोरेखित केलंयस. अगं, त्याच आठवड्यात सासूबाई दवाखान्यात होत्या आणि तू रात्री बाकड्यावर काढत होतीस! तिथे थांबला तो प्रोग्राम नव्हे, थांबली ती झोप. ते पान मी धरलंच नाही. तेव्हा तू बुधवारचा स्क्वॉट हलका केलास, ते मात्र बरं केलंस. ती पायरी तशीही मध्ये घ्यायचीच असते.

जूनच्या पानांवर वेळा लिहिल्यात हे फार चांगलं केलंस, नाहीतर मला कळलंच नसतं. संध्याकाळी साडेसात, दोन सेटमध्ये दीड मिनिट. का, तर मागे दोन पोरं "किती सेट बाकी?" म्हणून उभी. जड स्क्वॉटला दीड मिनिट म्हणजे पहिल्या सेटचा दम पुरता जायच्या आत दुसरा सेट. मग तिसऱ्यात चारच होणार, त्यात नवल ते काय! तू सकाळी सहाला जायला लागलीस, चार-पाच मिनिटं थांबायला लागलीस, आणि ५७.५, ६० दोन्ही सुटलं. जे नुसत्या बसण्याने सुटतं त्यासाठी प्रोग्राम कशाला बदलायचा?

आणि मग जुलै. ६२.५ किलो: ५, ५, ४. पुढच्या वेळी ५, ४, ४. त्याच्या पुढच्या वेळी ५, ४, ३. लागोपाठ तीनदा त्याच वजनावर अडलीस. नियमाप्रमाणे साधारण दहा टक्के उतरून ५५ वर गेलीस, पुन्हा चढलीस, आणि पुन्हा ६२.५ वरच अडकलीस. या वेळी माझ्याकडे तुला द्यायला सबब नाही. सकाळची वेळ होती, सासूबाई घरी आल्या होत्या, बुधवार हलका होता. शिवाय आखाड होता! दर रविवारी मटणाच्या ताटाचा फोटो मला येत होता, तेव्हा खाण्यात कमी पडलं असं तू म्हणूच शकत नाहीस. झोप आहे, अन्न आहे, सेटमध्ये विश्रांती आहे, एकदा मागे जाऊन आलीस, आणि तरी त्याच जागी अडलीस. म्हणजे स्क्वॉटचं नवशिकेपण संपलं. मी वहीत बघायचं म्हणते ते एवढंच.

व्हिडिओनेही तेच सांगितलं. पाचवा रेप, म्हणजे सेटमधली पाचवी उठाबस, थांबवून थांबवून बघ. खाली नीट जातेस, मांडीचा खुब्याकडचा भाग गुडघ्याच्या खाली येतो, खोलीबद्दल तक्रार नाही. वर येताना मात्र आधी कंबर वर जाते आणि छाती जागच्या जागी राहते. बार पायाच्या बोटांकडे सरकतो, टाचा सुटू बघतात, आणि मग उरलेलं अंतर तू पाठीने काढतेस. तिसऱ्या रेपपर्यंत यातलं काही नाही. ५५ च्या व्हिडिओत तर पाचवा रेप पहिल्यासारखाच दिसतो. याचा अर्थ तुला स्क्वॉट येत नाही असा नाही. येतो, पण तेवढं वजन दर दोन-तीन दिवसांनी मागितलं तर अंग देत नाही, आठवड्याने मागितलं तर देईल.

तिसऱ्यांदा ५५ वर जाते म्हणालीस, ते करू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे. शाळेत बाईंनी दहा वेळा लिहायला सांगितलं की तू वीस वेळा लिहून आणायचीस. इथे त्याचे मार्क मिळत नाहीत. एकदा, फार तर दोनदा मागे जाऊन बघायचं. त्यानंतर तेच ५५ ते ६२.५ करत बसलीस तर पुढची दिवाळी तिथेच येईल. लवकर पळणारे लोक मी जास्त पाहिलेत, दोन वाईट दिवस आले की नवा प्रोग्राम. तुझी जात दुसरी, जिथे संपलंय तिथेही चिकटून बसणारी. मला विचारशील तर पळणाऱ्यांपेक्षा परवडते, पण वर्ष तिचंही वाया जातं.

आता स्क्वॉटचं पुढे काय करायचं ते लिहिते. श्रावणात सोमवारचा उपास आहे, तेव्हा जिमचे दिवस मंगळवार, गुरुवार, शनिवार कर. गेल्या दोन सोमवारी बेंचला जे ३५ किलो निघालं नाही ते त्यामुळेच. साबुदाण्याच्या खिचडीवर बेंच मारायला गेलीस तर दुसरं काय होणार! त्यावरून बेंचबद्दल काही ठरवू नकोस. श्रावण संपला की बघू.

मंगळवारी ५५ किलोचे पाचाचे चार सेट. पुस्तकी पद्धतीत पाच सेट सांगतात, आपल्या वयाला चार पुरेत. गुरुवारी ४५ किलो, दोनच सेट, अंग मोकळं होण्यापुरते. त्या दिवशी हुक्की आली तरी वाढवायचं नाही. आणि शनिवारी एकच सेट पाचाचा, जड: ६०. पुढच्या शनिवारी ६१, मग ६२, मग ६३. ६० तू आधी मारलेत हे मला माहीत आहे. मुद्दाम खालून सुरू करतेय, नव्या पद्धतीला पहिले दोन आठवडे सोपेच जायला हवेत. चौथ्या शनिवारी तू ६३ वर असशील, म्हणजे ज्या ६२.५ ने दोनदा आपटलं त्याच्या पुढे. मंगळवारचं वजन शनिवारच्या साधारण नव्वद टक्के राहील एवढं धर, आणि शनिवारचं वाढत गेलं की तेही हळूच वाढव. मंगळवारी भरपूर काम करून अंगाला दमवायचं, गुरुवारी सोडून द्यायचं, शनिवारी ताज्या अंगाने वसुली करायची. अमेरिकेतल्या वेटलिफ्टिंगवाल्यांनी हा साचा 'टेक्सस मेथड' नावाने रूढ केला, पण हलका-भारी दिवस आलटून पालटून ठेवायची रीत त्याहून जुनी आहे.

दर आठवड्याला एक किलो ऐकून तुझं तोंड वाकडं होणार, हे लिहिता लिहिता दिसतंय मला. दर खेपेला अडीच किलो वाढायची सवय लागली की हे भिकार वाटतं. मीराबाई चानूचे आकडे बघ. टोकियोत रौप्य मिळवलं तेव्हा दोन्ही प्रकार मिळून २०२ किलो, २०२२ ला बर्मिंगहॅमला सुवर्ण तेव्हा २०१, आणि २०२४ ला पॅरिसला १९९, तिथे चौथी आली. तीन वर्षांत आकडा वर गेलाच नाही, आणि ती काय रोज घरी बसली होती का! अंग जितकं तयार, तितका पुढचा किलो महाग. तुला तो अजून आठवड्याला मिळतोय. हेही कधीतरी बंद होईल, मग महिन्याच्या हिशेबाने चालणाऱ्या पद्धती आहेत. जिम वेंडलरची तीन आठवडे चढत जायचं आणि चौथ्यात हलकं घ्यायचं ही त्यातली एक, नोकरी-घर सांभाळून करणाऱ्यांना सोसणारी. पण ते तेव्हा बघू. आत्ता तिकडे गेलीस तर हातातले किलो सोडून दिल्यासारखं होईल.

आता प्रेस. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण ट्रेनरने आणि तूही इथेच चुकीचा निकाल लावलाय.

डोक्यावर बार न्यायच्या प्रेसमध्ये तू २५ किलोवर अडलीस, २७.५ निघत नाही. तू लिहिलंस, "हा तर सगळ्यांत आधी संपला." बायकांचा प्रेस सगळ्यांत आधी अडतो हे खरंच, पण का अडतो ते बघ. तुमच्या जिममध्ये सगळ्यांत लहान चकती सव्वा किलोची. दोन बाजूंना दोन, म्हणजे एका वेळी अडीच किलो. डेडलिफ्टला ७५ वरून ७७.५ म्हणजे वाढ साडेतीन टक्क्यांच्याही आत. प्रेसला २५ वरून २७.५ म्हणजे सरळ दहा टक्के! डेडलिफ्टला एका दमात साडेसात किलो वाढव म्हटलं तर तू मला वेड्यात काढशील. खांदे-दंड मांड्यांपेक्षा कितीतरी लहान, आणि त्यांच्याकडून तू तिप्पट वाढ मागतेस. त्यात बार वीस किलोचा. बायकांच्या स्पर्धेत पंधरा किलोचा असतो, पण आपल्याकडच्या साध्या जिममध्ये तो बघायलाही मिळत नाही. सगळा हिशेब पुरुषांच्या खांद्यांना धरून बेतलेला. तेव्हा तुझा प्रेस संपलाय की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. तो तपासायला लागणारी चकतीच तुमच्याकडे नाही.

म्हणून ती मी पाठवतेय. कुपवाडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून सहा चकत्या कातून घेतल्या, प्रत्येकी अर्धा किलो. तुमच्या बारचं टोक पन्नास मिलिमीटरचं, म्हणून भोक एक्कावन्नचं ठेवलंय. कडा घासून घेतल्यात, तरी पहिल्यांदा हात लावताना बघ. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिल्या, दोन-तीन ग्रॅम इकडे तिकडे आहेत. त्याची चिंता नको, पण जोडी लावताना बरोबरच्या दोन लाव, मी मागे खडूने खूण केलीय. आता २५ नंतर २६, मग २७. २६ ला पाचाचे तीन सेट होत नसतील तर तिनाचे पाच कर. रेप पंधराच होतात, आणि बायकांना जड वजनावर हे जास्त मानवतं असं अनुभवी प्रशिक्षकही सांगतात. एवढं करून, नीट खाऊन-झोपून, एकदा मागे जाऊन येऊनही अडलं, तर मग प्रेसलाही आठवड्याच्या गाडीत बसवू.

अर्धा किलो म्हणून नाक मुरडू नकोस हं. आपल्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या कॉमनवेल्थला ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्यावर आला. सुवर्ण नेलं मलेशियाच्या खेळाडूने, २४९ किलोला. एका किलोने! तेही दुसऱ्या प्रकारात, क्लीन अँड जर्कमध्ये, संकेतचं कोपर दुखावलं म्हणून. त्या दिवशी इथल्या गल्लोगल्ली तो एक किलो चघळला जात होता, ज्यांनी जन्मात बारला हात लावला नाही तेही हळहळत होते. त्याची धाकटी बहीण काजोलही वेटलिफ्टर, 'खेलो इंडिया'त सुवर्ण मिळवलेली. पानाच्या टपरीवर घर चालवणाऱ्या बापाची ही पोरं.

डेडलिफ्टबद्दल लिहायला काही नाही. आठवड्याला एकदा, एक सेट, वाढतोय. हात लावू नकोस.

खाण्याचं मात्र एकदा हिशेबाने सांगते, कारण पुढच्या टप्प्यात चालढकल चालणार नाही. आपल्या आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची, ती साध्या माणसाच्या गरजेपुरती. वजन उचलणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. तुझं वजन ६१, म्हणजे शंभरच्या आसपास. श्रावणात अंडंही बंद असलं तर हे आपोआप होणार नाही. मटकीची उसळ, डाळ, दही, पनीर, सोयाबीन हे दोन्ही वेळच्या ताटात बसवावं लागेल. सोमवारच्या उपासालाही शेंगदाणे आणि दही-ताक चालतं की. उपास सोड असं मी म्हणणार नाही, तुझ्या सासूबाई मला उभ्या करायच्या नाहीत.

आणि तो ट्रेनरचा चेस्ट-डे बॅक-डे. तो वाईट आहे असं नाही. अंगाला आकार आणायचाय, आठवड्यात पाच-सहा दिवस जिममध्ये काढायला वेळ आहे, अशाला चालतं. पण नवशिके प्रोग्राम पास झाले की वरच्या वर्गात हे शिकवतात, असं त्याने जे भासवलं ते खरं नाही. आठवड्यात एकदाच पायांचा दिवस, तोही निम्मा मशिनवर, यातून तुझा स्क्वॉट पुढे जाणार नाही. त्याने त्याच दमात पर्सनल ट्रेनिंगच्या पॅकेजचा दरही सांगितला, हे तूच लिहिलंयस. मी काही बोलत नाही.

एक विचारू? तू हे सुरू केलंस ते आईचं मनगट मोडल्यावर. न्हाणीघरात साधं घसरणं झालं आणि हाड गेलं, तेव्हा "माझी हाडं अशी होऊ द्यायची नाहीत" म्हणालीस. ते ध्यानात ठेव. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या बायकांवर एक अभ्यास झाला. आठवड्यातून दोनदा, आठ महिने, डेडलिफ्ट-स्क्वॉट-प्रेस, जड वजनाने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मणक्याची हाडं चांगली निघाली. त्यांचा बार दर खेपेला वाढला पाहिजे अशी अट तिथे कुणी घातली नव्हती. जड पाहिजे आणि सुटता कामा नये, एवढंच. त्यामुळे शनिवारी एखादे वेळी ६१ च राहिलं, ६२ नाही झालं, तर वहीत "थांबले" लिहून अधोरेखित करू नकोस. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच लाव. लागोपाठ तीन शनिवार अडलं तर मला फोटो पाठव, तोवर नाही.

वहीत शनिवारच्या सेटसाठी वेगळं पान कर. झोपेचे तास आणि सेटमधली मिनिटं लिहिणं सोडू नकोस. या वेळी निकाल लावता आला तो त्या दोन रकान्यांमुळेच, वजनाचे आकडे एकटे काही सांगत नव्हते.

चकत्या उद्या पार्सलने निघतील, परवापर्यंत ठाण्याला पोचाव्यात. जिमच्या रॅकवर ठेवून येऊ नकोस, पर्समध्ये घालून ने नि घेऊन ये, नाहीतर त्या साडेसातच्या पोरांना बरं फावेल. गणपतीत येशील ना? शनिवार धरून ये, इथल्या जिममध्ये सकाळी रॅक मोकळा असतो आणि तुझा जड सेट मला समोर उभं राहून बघायचाय.

सासूबाईंना नमस्कार सांग. ओंकारचं अकरावीचं कॉलेज ठरलं का, ते कळव.

तुझी,
अर्चू